आप्पांसाठी नेमका शब्द

पत्र

नमस्कार. आमच्या घरी सध्या एका शब्दाचा शोध चाललाय. सासरे, म्हणजे आमचे आप्पा, वय ७४. पाटबंधारे खात्यात ३४ वर्षं नोकरी, सगळी कालव्याच्या कामांवर. तब्येत उत्तम, डोकं शाबूत, व्यसन नाही. फक्त समोरचा जे म्हणेल त्याच्या बरोबर उलट बोलायचं. चहात साखर कमी पडली तर "कारखाने बंद पडले का?" आणि नेहमीइतकी घातली तर "डॉक्टरांनी काय सांगितलंय, विसरलात वाटतं." मी म्हटलं आज फार उकडतंय, की ते शाल मागतात. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं त्या दिवसापासून फिरणं बंद. शेजारचे काका म्हणाले, "या वयात तुम्हाला सोमेश्वरच्या देवळापर्यंत जमायचं नाही," तर दुसऱ्या दिवशी पहाटे सोमेश्वरला जाऊन आले. गेल्या वर्षी गच्चीवर सोलर बसवला, तेव्हा "पाणी कुठे काढणार, पाणी कुठे काढणार" म्हणून त्या माणसाला नुसतं भंडावलं. (पावसाळ्यात जिन्यात ओल आली, ते वेगळं.) सासूबाई म्हणतात, लग्नात त्यांनी भटजींशीसुद्धा वाद घातला होता. म्हणजे बदलतील ही आशा नाही.

मग अशा माणसाला नेमकं म्हणायचं काय? नवरा म्हणतो हट्टी. नणंद म्हणते तिरसट. अकरावीतली लेक म्हणते कॉन्ट्रेरियन, आणि याला मराठीत शब्दच नाही असं तिचं ठाम मत. मी म्हटलं, असणारच. तिने फ्रिजवर कागद लावला. ज्याला जो शब्द सुचेल त्याने तो लिहायचा. नाव कुणाचंच लिहिलं नव्हतं. पंधरवड्यात अकरा शब्द झाले. परवा बघते तर कुणीतरी लाल पेनाने 'विक्षीप्त'मधली वेलांटी ऱ्हस्व केलेली, आणि खाली आप्पांच्या अक्षरात बारावा शब्द: चिकित्सक.

त्यांना कळलं की नाही, कळायला मार्ग नाही. आणखी एक. मला मुगाची खिचडी करायची असली की मी मोठ्याने म्हणते, "आज खिचडी नको बाई." लगेच खिचडीची फर्माईश होते. हे करणं बरोबर आहे का? आणि दिवाळीआधी घराला रंग काढायचाय, त्या विचाराने आत्ताच पोटात गोळा आलाय.

– थोरली सून, नाशिक


उत्तर

ताई, नमस्कार.

त्यांना कळलंय. ज्या माणसाने ३४ वर्षं ठेकेदारांची बिलं तपासली, त्याला आपल्याच स्वयंपाकघरातल्या फ्रिजवरची यादी कुणाबद्दल आहे हे समजायला पंधरवडा लागत नाही. पहिल्या दिवशीच कळलं असणार. उरलेले दिवस ते पाण्याची बाटली काढायच्या निमित्ताने यादी कुठवर आली ते बघत होते. मला तर त्यांचं कौतुक वाटलं. कागद फाडला नाही, जेवणावर राग काढला नाही. वेलांटी दुरुस्त केली आणि आपला उमेदवार उभा केला. त्या उमेदवाराकडे मी येणार आहे, पण आधी बाकीच्या अकरांचा निकाल लावू. तुम्ही सगळे कळवले नाहीत, तेव्हा काही मी अंदाजाने धरते.

लेकीला सांगा, मराठीत शब्द नाही हे खोटं. शब्द भरपूर आहेत, आणि पंचाईत तीच आहे. प्रत्येक जण नेमक्या जागेच्या वीतभर बाजूला पडतो.

हट्टी घ्या. हट्टी माणसाला काहीतरी हवं असतं. जत्रेत पोरगं लोळण घेतं ते फुग्यासाठी; फुगा हातात आला की डोळे पुसून चालायला लागतं. हेकट, हेकेखोर, दुराग्रही ही त्या पोराची वाढलेली भावंडं. मी म्हणेन ती पूर्व दिशा, हा त्यांचा खाक्या. वैताग आणतात खरं, पण निदान त्यांची पूर्व दिशा एकदा ठरली की ठरली. आज जिकडे बोट दाखवलं तिकडेच उद्याही दाखवतात. तुमच्या आप्पांची पूर्व दिशा तुम्ही कुठे उभ्या आहात त्यावर ठरते. चहात साखर किती हवी याबद्दल त्यांचं स्वतःचं काही मत असल्याचा तुमच्या पत्रात पुरावा नाही.

तिरसटमध्ये चीड आहे. तिरसट माणूस फिस्कारतो. शाल मागताना आप्पा फिस्कारत नव्हते. पैजेवर सांगते, त्यांना त्या क्षणी फार बरं वाटत असणार. खवचट माणसाला समोरच्याला टोचायचं असतं आणि टोचल्यावर तो चेहरा बघतो. आडमुठा चालला असता, पण वर्तमानपत्रांनी तो सरकारच्या 'आडमुठ्या धोरणा'ला कायमचा देऊन टाकलाय. घरच्या माणसाला लावला की आपण मोर्चा घेऊन आल्यासारखं वाटतं. अडेलतट्टू हा माझा लाडका शब्द. भर रस्त्यात पाय रोवून उभं राहिलेलं तट्टू, चाबूक दाखवा नाहीतर हिरवा चारा दाखवा, हलणार नाही. मात्र तट्टू उलट बोलत नाही. आणि आप्पा अडले कुठे? ते तर सोमेश्वरला जाऊन आले.

विक्षिप्त आणि तऱ्हेवाईक या दोघांना समोर कुणी लागत नाही. तऱ्हेवाईक माणूस एकटा असला तरी रात्री दोनला उठून देवघर झाडेल. आप्पांना मात्र आधी कुणीतरी काहीतरी म्हणावं लागतं, मग त्यांची गाडी सुरू होते. तुम्ही सगळे चार दिवस गावाला गेलात की ते काय करतात, हे शेजारच्या काकांना हळूच विचारा. मला वाटतं, निमूटपणे कमी साखरेचा चहा पितात.

यादीत विघ्नसंतोषी कुणी लिहिला असेल तर तो मात्र आजच खोडा. तो फार जड शब्द आहे. दुसऱ्याचं जमत आलेलं काम मोडलं की ज्याच्या पोटात साखर पडते, तो विघ्नसंतोषी. अशा माणसांचा शब्द शोधताना भर्तृहरीसुद्धा अडला होता, हे लेकीला सांगितलंत तर तिला आवडेल. नीतिशतकात एक श्लोक आहे. स्वतःचं सोडून दुसऱ्याचं भलं करतात ते सत्पुरुष. आपलं नुकसान होत नसेल तेवढ्यापुरतं दुसऱ्याचं करतात ते सामान्य. आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याचं बिघडवतात ते माणसातले राक्षस. इथवर त्याने प्रत्येकाला धडाधड नाव दिलं. आणि मग चौथे, जे काहीही कारण नसताना दुसऱ्याचं बिघडवतात? 'ते के न जानीमहे.' ते कोण, आम्हाला ठाऊक नाही. संस्कृतसारखी भाषा हाताशी असलेल्या कवीने, राक्षस हा शब्द आधीच खर्च करून बसल्यावर, सरळ हात टेकले. मला तो श्लोक त्या शेवटच्या चार शब्दांसाठी आवडतो. पण आप्पा त्या चौथ्या रांगेतले नाहीत. त्यांनी तुमचं बिघडवलंय काय? चहा, शाल आणि थोडी सकाळची शांतता.

मग त्यांच्या जवळचा शब्द कुठला? माझ्या मते वितंडवादी. थांबा, हा शब्द आपण हल्ली कुठल्याही निरर्थक भांडणाला लावतो. टीव्हीवर चार जण एकदम ओरडले की वितंडवाद. मूळचा अर्थ त्याहून फार नेटका आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत: वाद, जल्प आणि वितंडा. वाद म्हणजे दोघांनी मिळून खरं काय ते शोधणं. जल्प म्हणजे आपली बाजू मांडून, वेळ पडली तर शब्दांचे डाव टाकून, जिंकायचं. आणि वितंडा म्हणजे तोच जल्प, पण स्वतःची बाजूच न मांडता. समोरच्याचं खोडायचं, बस्स. तुम्ही म्हणाल 'गोड', तर तो म्हणणार, 'नाही'. पण मग कडू का, विचारलं तर तेही म्हणणार नाही. शास्त्रकारांना हा प्रकार आवडत नसला तरी त्यांनी त्याला नाव आणि व्याख्या दिली, वेडा म्हणून उडवून लावलं नाही. बाराव्या शतकात श्रीहर्ष नावाच्या पंडिताने तर याच पद्धतीने न्यायशास्त्राच्या मोठमोठ्या पंडितांना जेरीस आणलं: माझं म्हणणं काही नाही, पण तुमचं कसं टिकत नाही ते बघू या. असा माणूस सकाळी सातला चहाच्या टेबलावर कसा वाटत असेल, याची कल्पना तुमच्याइतकी कुणाला असणार.

तर लेकीच्या कागदावर तेरावा शब्द माझ्यातर्फे: वितंडवादी. कॉन्ट्रेरियनला हा सर्वांत जवळचा. शंका असेल तर दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडायला लावा. १९३२ ते १९३८ या काळात त्याचे सात खंड निघाले आणि एकदा उघडला की माणूस तासभर हाती लागत नाही. तेवढा वेळ फोन तरी बाजूला राहील.

इथे मी थांबू शकले असते. पण खरं सांगायचं तर हा शब्द तुमच्या घरात कुणी वापरणार नाही. "आई, आजोबा वितंडवाद करतायत" असं कुणी म्हणत नाही. मग आपण रोज काय म्हणतो?

माझी एक आत्या होती, साताऱ्याची. विचारलं तर "मला काय विचारता, तुमचं तुम्ही ठरवा," आणि नाही विचारलं तर "आम्हाला कोण विचारतंय या घरात." तिला नावं ठेवणारे कमी नव्हते. बाईमाणूस असली की विशेषणांना तोटा नसतो: खाष्ट, कजाग, भांडकुदळ. हेच पुरुषाने केलं की तो करारी होतो, स्पष्टवक्ता होतो, फार तर 'जरा तत्त्वाचे आहेत हो'. ते असो. माझी आई, जिला आत्याचा सगळ्यात जास्त ताप व्हायचा, तिच्या तोंडून मी आत्यासाठी एकही विशेषण ऐकलं नाही. ती म्हणायची, "आज वन्सं वाकड्यात शिरल्यात." वाकड्यात शिरल्यात. म्हणजे काल नव्हत्या, आणि शिरल्यात तशा बाहेरही येतील.

एका उन्हाळ्यातलं आठवतं. कुरडयांचा घाट. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक काढून झालेला, चुलीवर मोठं पातेलं, आणि आत्या बाजूला पाटावर. म्हणाली, "चीक पातळ झालाय." आई म्हणाली, "मग जरा आटू देते." "आटवलास तर गुठळ्या होतील." "मग उतरवते." "कच्चा उतरवलास तर कुरडई काळी पडेल, मग बस वर्षभर बघत." चुलीची धग, आईच्या कपाळावर घाम, आणि मी सोऱ्या धुऊन हातात घेऊन उभी. आता भडका उडणार असं मला वाटलं. आईने लाकडी पळी आत्याच्या हातात दिली, "मी गच्चीवर कागद पसरून येते" म्हणाली आणि वर गेली. आत्या उठली, पदर खोचला आणि ढवळायला लागली. जेवढा आई आटवणार होती तेवढाच तिने आटवला. मी बघत होते ना. पातेलं उतरवताना म्हणाली, "असा पाहिजे." आईने वरून येऊन बघितलं आणि म्हणाली, "हो, असाच."

मराठीत या स्वभावाला विशेषणं आहेत, पण भाषेचा खरा जीव आहे क्रियापदांत. आणि त्या क्रियापदांकडे जरा नीट बघा, प्रत्येकाच्या हातात एकेक अवजार आहे. कुणी खोडा घालतो. खोडा म्हणजे कैद्याचे पाय अडकवायचं लाकूड. कुणी पाचर मारतो. फटीत ठोकलेली पाचर सहज निघत नाही. कुणी मोडता घालतो, कुणी नाट लावतो. कुणी बिब्बा घालतो. धोबी कपड्यावर खूण करायला वापरायचे तो बिब्बा. डाग कितीही धुतलात तरी जात नाही, आणि तेल कातडीला लागलं तर फोड येतात. जमलेल्या लग्नात बिब्बा घालणारा माणूस आणि उकाड्यात शाल मागणारा माणूस एकच कसा असेल? दोघांना आपण 'उलट्या डोक्याचा' म्हणून मोकळे होतो, पण क्रियापद लावायला गेलं की फरक लगेच दिसतो.

आप्पा यातलं काय करतात? ते फाटे फोडतात. बस्स, एवढंच. साखरेला फाटा, उकाड्याला फाटा, भटजींच्या मंत्रांना फाटा. कालव्यावर आयुष्य काढलेल्या माणसाला फाट्यांचं काय सांगायचं! मुख्य कालव्यातून वितरिका, वितरिकेतून चारी, तेव्हा कुठे पाणी वावरात पोचतं. फाटे फोडणाऱ्याला बोलणं पुढे चालू राहायला हवं असतं, मोडता घालणाऱ्याला ते थांबायला हवं असतं. तुम्ही "उकडतंय" म्हणालात आणि ते "हो, उकडतंय" म्हणाले, तर पुढे काय? संपलं. शाल मागितली की निदान पाच मिनिटांची सोय झाली.

पण थांबा, सगळंच मी करमणुकीवर घालणार नाही, कारण तुमच्या पत्रात एक कंस आहे. 'पावसाळ्यात जिन्यात ओल आली, ते वेगळं.'

ते वेगळं नाही, ताई. पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ती आहे आणि तुम्ही ती कंसात घातलीत. आप्पांनी सोलरवाल्याला एकच प्रश्न दोनदा विचारला, पाणी कुठे काढणार? हा वितंडा नाही. वितंडा करणारा प्रश्न बदलत राहतो. पहिल्याचं उत्तर मिळालं की दुसरा काढतो. यांचा प्रश्न बदलला नाही, कारण उत्तर कुणी दिलंच नाही. ज्या माणसाने जन्मभर पाणी कुठून येतं आणि कुठे जातं एवढंच बघितलं, त्याने पाण्याबद्दल विचारलं आणि घराने ते नेहमीचं गाणं म्हणून सोडून दिलं. मग ओल आली. तेव्हा ते "बघा, मी म्हणत नव्हतो" असं म्हणाले का, हे तुम्ही लिहिलं नाही. म्हणाले नसतील, तर माझ्या मनात त्यांच्याबद्दलचा आदर आणखी वाढेल.

आता त्यांच्या बाराव्या शब्दाकडे. चिकित्सक. प्रत्येक फाटेफोड्या स्वतःला चिकित्सकच समजतो. आजवर मला कुणी "मी जरा वितंडवादी आहे हं" असं सांगितलेलं नाही. तरी शब्द टाकाऊ नाही. चिकित्सक माणूस समाधान झालं की थांबतो, ही त्याची ओळख. चहापाशी आप्पा थांबत नाहीत, सोलरपाशी ते थांबायला तयार होते. म्हणजे तुमच्या घरात दोन आप्पा आहेत. एक वितंडवादी, चहा-शालवाले. दुसरे चिकित्सक, पाणीवाले. दोघांचा आवाज एकच असल्यामुळे घराने दोघांनाही कान द्यायचं बंद केलंय. दुसऱ्या आप्पांचं कुणी ऐकेनासं झालं, की पहिले आणखी बोलतात. माझा अंदाज आहे, लाल पेनाने तो शब्द दुसऱ्या आप्पांनी लिहिला.

याच्यामागे नोकरीही असणार. माझे मामा बांधकाम खात्यात होते, त्यामुळे थोडं माहीत आहे. साइटवर ठेकेदार म्हणतो खोदाई इतकी झाली, आणि मोजणाऱ्याचं काम असतं 'नाही' म्हणण्याचं. मोजमाप पुस्तकात नोंद झाल्याशिवाय बिल निघत नाही. मामा सांगायचे, आधी शंका घ्यायची, मग टेप लावायची, मग सही. तीन तपं हेच केल्यावर निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल आणि घड्याळ घेऊन घरी आलेल्या माणसाची शंका घेण्याची सवय तशीच राहते. टेप आणि सही तेवढी ऑफिसात जमा होते. अर्थात भटजींचं प्रकरण नोकरीच्या आधीचं असेल तर सगळा दोष खात्याला देता यायचा नाही.

खिचडीचं विचारलंत. बरोबर की चूक यात मी पडत नाही, पण मला दाट शंका आहे की त्या खेळात तुम्ही एकट्याच खेळत नाही. वेलांटी पकडणाऱ्या माणसाला दर खेपेला मोठ्याने म्हटलेलं "नको बाई" ऐकू येत नाही होय? त्यांना खिचडी आवडते, तुम्हाला करायला सोपी पडते, आणि दोघांनी मिळून ही एक वाट काढलीय. चालू द्या. फक्त तीच युक्ती औषधाच्या गोळ्यांना लावू नका. "नका घेऊ मग गोळ्या" हे रागाने किंवा गमतीने म्हटलेलं एखाद्या दिवशी अक्षरशः मानलं गेलं तर काय करणार? आणि लेक बघतेय, हेही ध्यानात असू द्या. तिने उद्या तुमच्यावर हेच सुरू केलं की तुम्हाला कळणारही नाही.

चालण्याचंही तसंच. १९६६ साली जॅक ब्रेम या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांडलं, की आपलं ठरवण्याचं स्वातंत्र्य कुणी काढून घेतंय असं वाटलं की माणूस नेमकं मना केलेल्याकडे वळतो. आपल्याकडे हे प्रत्येक आईला ब्रेमच्या आधीपासून माहीत होतं, पण नाव त्याने दिलं. डॉक्टरांचा हुकूम घरच्यांच्या तोंडून जाऊ देऊ नका. पुढच्या खेपेला आप्पांना एकट्यांना आत पाठवा, काय विचारायचं ते त्यांना विचारू द्या. बाहेर आल्यावर "काय म्हणाले डॉक्टर?" एवढंच.

एक कोरडी गोष्ट चटकन सांगून टाकते. त्यांचे कान तपासून घ्या. ऐकू कमी यायला लागलं की पुष्कळ म्हातारी माणसं नीट न ऐकताच आधी 'नाही' म्हणतात, कारण 'काय?' म्हणण्यापेक्षा त्यात मान राहतो. आणि हा स्वभाव जन्मभराचा आहे म्हणून मी निर्धास्त आहे. तो गेल्या वर्षभरात अचानक आला असता, सोबत विसरणं किंवा संशय घेणं आलं असतं, तर तुम्हाला या सदराकडे नव्हे, सरळ डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

राहिला रंग. रंगाची छटा आप्पांना विचारू नका. विचारलीत तर तुम्ही अबोली म्हणाल, ते मोरपिशी म्हणतील, आणि तुम्ही थकून मोरपिशीला हो म्हणालात की ते विचारतील, "घर आहे की सर्कस?" छटा तुम्ही आणि नवऱ्याने ठरवा. पण रंगारी अंदाजपत्रक देईल, ते फ्रिजवर लावू नका, आप्पांच्या हातात द्या. रंगारी चौरस फुटावर भाव सांगतात. भिंतीची लांबी गुणिले उंची, त्यातून दारं-खिडक्या वजा. ही वजावट किती प्रामाणिकपणे होते, ते प्रत्येक घराला बिल आल्यावर कळतं. लांबीचे (म्हणजे पुट्टीचे) किती हात, प्रायमर मारणार की नुसताच म्हणणार, जिन्यातली ओल वाळल्याशिवाय त्यावर रंग चढवणार का? (ओलीचा प्रश्न तुम्ही काढू नका. तो त्यांचा आहे, त्यांना काढू द्या.) या सगळ्यात शंका घ्यायला भरपूर जागा आहे आणि इथे शंका घेणारा माणूस घराला हवाच आहे. वही आणि लाल पेन द्या. त्यांनी "रंगाऱ्याचं माप चुकलंय" म्हटलं, तर सगळ्यांनी मिळून एकदा परत मोजा. बहुतेक चुकलेलंच असेल.

तरी ते एखाद्या छटेवरून अडतील. त्यासाठी एक स्वस्त जागा मोकळी ठेवा. गच्चीच्या दाराचा रंग, समजा. तिथे हवे तितके फाटे फुटू द्या. आठवडाभर चर्चा झाली तरी दार एकच आहे.

वितंडवादी हा शब्द लेकीनेच कागदावर लिहावा, तुम्ही नको. बहुधा ती पहिली वेलांटी दीर्घ काढेल. काढू द्या, लाल पेन घरात आहेच.

रंगाऱ्याला मात्र आधीच सांगून ठेवा, की टेप आप्पांची असेल.